मडक्यातली एक बी

धर्मा तांडेलांना चहा सांगायला पाठवलं की एक कप हटकून कमी यायचा. माणसं सहा असली तर कप पाच, आठ असली तर सात. आणि कमी पडलेला कप दर वेळी त्यांचाच. "तांडेल, तुमचा कुठाय?" असं विचारलं की ते समोरच्या कपांकडे मोठ्या नवलाने बघत. ही चूक त्यांच्या हातून आज पहिल्यांदाच झाली आहे, असा तो चेहरा असे. मग "ऱ्हायला वाटतं माजा," एवढं बोलून कमरेची चुन्याची डबी काढत आणि तंबाखू मळायला बसत.

आमचे मालक शेठ, त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला पानं मांडायचं काम त्यांच्याकडे असे. तिथेही तेच. पंगत बसली, वाढपी आले, की एक माणूस उभा. तो माणूस तांडेल. पहिल्या वर्षी माझी खात्री झाली होती, की या गृहस्थांचं गणित कच्चं आहे. पण कच्चं म्हणावं, तर बंदरावर आगबोटीपर्यंत माल नेणाऱ्या पडावात चढणाऱ्या पेट्या ते पायरीवर उभं राहून नुसत्या नजरेने मोजत, आणि मी कागदावर मांडलेल्या आकड्यात चूक असली तर ती तिथल्या तिथे माझ्या पदरात घालत. चूक माझीच निघे. हे मी आज कबूल करतो, तेव्हा करत नव्हतो.

आमची वखार रत्नागिरीच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर होती. आंब्याची वखार. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, एकच मोठा दरवाजा, आणि आत पेंढाच पेंढा. आंबा पेंढ्यात पिकायचा, पेंढ्यात निजायचा आणि पेंढ्यातूनच पेटीत बसून आगबोटीने मुंबईला जायचा. वरच्या माळ्यावर तर कौलांपर्यंत पेंढा रचलेला. मोटारगाड्या नुकत्या कुठे रत्नागिरीत दिसायला लागल्या होत्या, पण आंब्याचा भरवसा बोटीवरच होता. माझं काम पेट्यांवर पत्ते घालायचं. माझं अक्षर सुंदर म्हणून मला ठेवलं होतं. हे मत शेठचं. मी फक्त त्याच्याशी सहमत होतो.

तांडेल मूळचे नाटे गावचे. मिसरूड फुटायच्या आधी बोटीवर चढले आणि केस पिकल्यावर उतरले. साहेबाच्या मालवाहू बोटीवर खलाशांचे तांडेल होते, म्हणजे पंचवीस-तीस माणसं त्यांच्या हुकमात. उतरले खरे, पण बोट काही त्यांच्यातून उतरली नाही. भर बाजारात ते पाय फाकून चालायचे. वखारीला ते बोट म्हणत, माळ्याला वरचा डेक, आणि शेठ बसत त्या ओटीवरच्या पेढीला ब्रिज, म्हणजे कप्तानाची जागा. बायकापोरं नव्हती. वखारीच्याच पडवीत एक खाट, एक पेटी आणि एक पितळी घंटा, एवढा त्यांचा संसार. घंटा भंगारात निघालेल्या कुठल्याशा बोटीवरची होती आणि ती त्यांनी दरवाज्याच्या कमानीला टांगली होती.

आग हा शब्द ते उच्चारत नसत. "ती" म्हणत. "ती आली तर?" "ती काय सांगून येत नाय." "तिला पाठ दावायची नाय." नवीन आलेल्या माणसाला वाटे, तांडेलांची बायको माहेरी रुसून बसली आहे आणि कधीही परत येईल. पेंढ्याने भरलेली वखार पहिल्यांदा बघितली तेव्हा ते शेठना म्हणाले होते, "शेठ, ही वखार न्हवं, ही चूल हाय. पेटवायची तेवडी बाकी हाय." शेठना ते अशुभ वाटलं. पण माणूस प्रामाणिक होता आणि रात्रपाळीला वेगळा राखणदार ठेवायला लागत नव्हता, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं.

तेव्हापासून आमच्या वखारीत कवायत सुरू झाली. पंधरा दिवसांतून एकदा, कधी ते ठरलेलं नसे, घंटा वाजायची. हातातलं काम जागेवर टाकायचं. आंबा हातात असला तर आंबाही टाकायचा. "आधी डोकी, मग खोकी!" हे त्यांचं ब्रीद. सगळी माणसं बाहेर आल्याशिवाय एका पेटीला हात लावायचा नाही. बाहेर आलं की विहिरीपासून दरवाज्यापर्यंत रांग करायची आणि भरलेल्या बालद्या हातोहात पुढे द्यायच्या.

कोणी कुठे उभं राहायचं, हे त्यांनी ज्या पद्धतीने ठरवलं ते पाहून आम्ही सगळे दुखावलो. बाबल्या हमाल आमच्यात सगळ्यांत दांडगा. दोन पेट्या एका खांद्यावर घ्यायचा. त्याला वाटलं, आपण सगळ्यांत पुढे, आगीच्या तोंडाशी. तांडेलांनी त्याला विहिरीवर नेऊन उभा केला. "ताकद पान्याकडं," ते म्हणाले. आगीच्या तोंडाशी त्यांनी कोणाला ठेवावं? गंगूबाईला. पेट्या भरणाऱ्या वीस-बावीस बायकांची ती म्होरकी. वयाने पन्नाशीची, अंगाने काडी. "तुला भ्या वाटतं गो?" त्यांनी तिला विचारलं होतं. "वाटतं की," ती म्हणाली. "पन पळनार नाय?" "माज्या बायका हितं टाकून पळू कुठं?" "झालं तर. तू पुढं," असं म्हणून त्यांनी तिची नेमणूक केली.

शेठनी हौसेने विचारलं, "आणि मी रे धर्मा?"

"तुमी लांब उभं ऱ्हायचं, शेठ," तांडेल अदबीने म्हणाले, "आनि वरडायचं नाय."

ओरडायचं नाही, हा नियम तांडेलांनाही होता, आणि तीच मोठी मौज होती. एरवी त्यांचा आवाज असा, की त्यांनी पडवीतून पाणी मागितलं तर मिऱ्याच्या डोंगरापर्यंत लोकांना तहान लागावी. पण घंटा वाजली की हा माणूस कुजबुजत बोले. मग ते काय म्हणतात ते ऐकण्यासाठी चाळीस माणसं चिडीचूप होत. "मी वरडलो तर सगळेच वरडतील," ते मला एकदा म्हणाले. "मग कोन कुनाचं ऐकनार?" हे माझ्या वरिष्ठांपैकी कोणाला ठाऊक असतं, तर माझी पुढची नोकरीतली वर्षं बरीच सुखाची गेली असती.

कवायतीचं पाणी फुकट घालवायचं नाही म्हणून ते दरवाज्याच्या डाव्या बाजूच्या माडाच्या आळ्यात ओतायचं, असा नियम होता. तो माड दोन वर्षांत इतका माजला, की शेठ त्याचे नारळ पाहुण्यांना दाखवायचे. कवायतीवर शेठ खूश होते ते एवढ्याच एका बाबतीत.

आणि माझी नेमणूक? माझ्या हाती त्यांनी बालदी दिली नाही. मडकं दिलं.

त्याचं असं होतं. दरवाज्याशी एका टोपलीत काजूच्या बिया ठेवलेल्या असत आणि शेजारी हे मडकं. सकाळी कामावर येणाऱ्या प्रत्येकाने टोपलीतली एक बी उचलून मडक्यात टाकायची. संध्याकाळी घरी जाताना किंवा घंटा झाल्यावर बाहेर पडताना प्रत्येकाने एक बी मडक्यातून काढून घ्यायची. मडकं रिकामं झालं म्हणजे वखार रिकामी झाली. लिहिणं-वाचणं नको, नावं पुकारणं नको, गडबडीत आकडा चुकायची भीती नको. मडक्यात बी उरली तर आत माणूस उरला. रिकामं झालं की मी ते डोक्यावर उपडं धरायचं, म्हणजे लांबूनही सगळ्यांना दिसेल.

"एवढंच?" मी विचारलं. लोकांनी आगीशी झुंजायचं आणि माझ्यासारख्या इंग्रजी पाच यत्ता झालेल्या माणसाने मडकं धरून उभं राहायचं, हे मला अपमानाचं वाटलं.

"एवडंच," तांडेल म्हणाले. "दुसरं कायबी करायचं नाय. घरदार जळालं तरी मडक्यावरची नजर काडायची नाय. ह्या सगळ्यात मोठं काम तुमचं हाय, कारकून."

मला ती मनधरणी वाटली. एकदा बाबल्याला भूक लागली आणि त्याने मडक्यातल्या सहा बिया भाजून खाल्ल्या. तांडेलांनी त्याला अख्ख्या बंदरासमोर धारेवर धरलं. "सा मानसं खाल्लीस, मेल्या! सा मानसं!" असं ते इतक्या कळवळ्याने ओरडत होते, की चौकशीला पोलीस आला.

तांडेल सोडून आमची माणसं एकेचाळीस. मडक्यात रोज पडणाऱ्या बिया एकेचाळीस. शेठ बाहेर ओटीवर बसत, म्हणून त्यांना बी लागू नव्हती. आणि तांडेल? त्यांनी स्वतःची बी कधी टाकली नाही. "तुमची बी?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "माजी कशाला?" ते म्हणाले. "मी सगळ्यांच्या शेवटी येनार. माज्या मागं मोजायला कोन हाय?" त्यात मला तेव्हा काही वावगं दिसलं नाही. चहाच्या कपासारखाच हा एक विक्षिप्तपणा, एवढंच मी समजलो.

त्या वर्षी आंबा अफाट आला. वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नेमकी भर हंगामात तांडेलांनी एका आठवड्यात दोनदा घंटा वाजवली. दुसऱ्यांदा बोट चुकली. शेठ संतापले. त्यांनी स्टुलावर चढून घंटेचा लोलक काढला आणि पेढीच्या खणात कुलूपबंद करून ठेवला. वर बजावलं, "आता घंटा वाजली, तर धर्मा, तुझं बोचकं बांध आणि नाट्याचा रस्ता धर." नाट्याला तांडेलांचं कोणी उरलं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्या खाटेखेरीज या माणसाला दुसरी जागा नव्हती.

त्यात शेठच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला माल ओळखता यावा म्हणून पेटीवर नावाचा छाप तापवून डागायचा. त्यासाठी निखाऱ्याची शेगडी आली. तांडेलांनी ती अंगणात ठेववली. अंगणात वाऱ्याने निखारे विझायला लागले, तेव्हा शेठनी ती उचलून वखारीच्या आत, कोपऱ्यात ठेवायला लावली.

"शेठ, पेंढ्यात शेगडी?" तांडेल म्हणाले.

"तुझी 'ती' येत नाही एवढ्यात. आणि हे बघ, हा हंगाम झाला की तू मोकळा. मला वखार चालवायची आहे, बोट नव्हे," शेठ म्हणाले आणि बंदरावर निघून गेले.

हे मी पत्ते लिहिता लिहिता ऐकलं. मला वाईट वाटलं, पण माझ्या वाईट वाटण्याला वखारीत किंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मडक्याशी उभा होतो. बायका आल्या, हमाल आले, बिया पडल्या. सगळ्यांच्या शेवटी तांडेल माझ्या समोरून आत गेले, मान खाली घालून. त्या दिवशी प्रथमच ते मला म्हातारे दिसले. मी माझी बी टाकली. मग काय मनात आलं कोण जाणे, आणखी एक उचलली आणि त्यांच्या नावाने टाकली. याहून जास्त मला काही करता येण्यासारखं नव्हतं. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

दुपारी जेवणं आटोपून बायका परत पेट्या भरायला बसल्या होत्या. समुद्राकडून वारा सुटला होता. तांडेल दरवाज्यात उभे राहून नाक वर करून हुंगत होते. हे ते नेहमीच करत, म्हणून मी लक्ष दिलं नाही. एकाएकी ते पेट्यांना खिळे ठोकायचा हातोडा उचलून कमानीकडे गेले. लोलक नसलेल्या घंटेकडे त्यांनी एकदा बघितलं, एकदा पेढीकडे बघितलं, आणि मग हातोड्याने ती घंटा अशी बडवली, की पुढे तिला कायमचा पोचा राहिला.

"चला," ते हळूच म्हणाले. "आज खरी हाय."

शेगडीजवळच्या पेंढ्याने पेट घेतला होता आणि जाळ खांबाच्या आधाराने माळ्याकडे चढत होता. आम्ही बाहेर आलो. कोणी किंचाळलं नाही, कोणी पेटी उचलली नाही, कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडला नाही. इतक्या कवायती केल्या होत्या, की जीव वाचवणंसुद्धा सवयीचं झालं होतं. माणूस बाहेर येई, मडक्यात हात घाली, बी घेई आणि आपल्या जागी जाऊन उभा राही. बाबल्याने विहिरीवर रहाट फिरवायला सुरुवात केली. बालद्या हातोहात यायला लागल्या. पहिली बालदी गंगूबाईच्या हातात आली आणि तिने ती सवयीने माडाच्या आळ्यात ओतली. दुसरीही ओतली. तिसरी, चौथी, पाचवी. पाठीमागे वखार पेटते आहे आणि आम्ही सगळे मिळून अत्यंत शिस्तीने माड शिंपतो आहोत!

"पुरे गो बाय माडाला," तांडेल तिच्या कानाशी जाऊन म्हणाले. "आज वखारीला."

सहावी बालदी आगीवर पडली. तांडेल माझ्याकडे वळले. "मडकं?"

मी आत बघितलं. तळाशी एक बी होती.

"एक उरली," मी म्हणालो.

तो चेहरा मी विसरणार नाही. भीती त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिली नव्हती, ती त्या वेळी पाहिली. त्यांनी एक गोणपाट बालदीत बुचकळलं, डोक्यावर घेतलं आणि धुरात शिरले.

"कोण राहिलं? कोण राहिलं?" गंगूबाईने आपल्या बायकांची नावं घेतली. सगळ्या हजर. बाबल्याने हमालांची घेतली. सगळे हजर. प्रत्येकाने मूठ उघडून बी दाखवली. परत नावं घेतली, परत सगळे हजर. मग ही कोणाची? आणि मग माझं मलाच आठवलं. 

"तांडेल, बाहेर या!" मी ओरडलो. ओरडायचं नाही हा नियम गेला खड्ड्यात. "आत कोणी नाही!"

आतून खोकल्याचा आवाज आला. "बी हाय मडक्यात?"

"आहे, पण—"

"मग हाय कोन तरी!"

"ती तुमची आहे! तुमची बी आहे ती!"

"माजी बी नस्तेच!" आतून उत्तर आलं, आणि आवाज आणखी आत गेला. मागच्या बाजूच्या आंब्याच्या आढीतला पेंढा उपसल्याचं ऐकू येत होतं. तिथे एखादी बाई झोपली असेल, असं त्यांना वाटलं असावं. हा माणूस जळत्या वखारीत स्वतःलाच शोधत होता आणि सापडल्याशिवाय बाहेर येणार नव्हता.

मी शूर नाही. मी पत्ते लिहिणारा माणूस. पण ती बी मी टाकली होती. मी ती मडक्यातून काढून मुठीत घेतली, मडकं डोक्यावर उपडं धरलं आणि त्या धुरात चार पावलं गेलो. डोळे उघडवत नव्हते.

"सापडला!" मी जीव तोडून ओरडलो. "तांडेल, सापडला! राहिलेला माणूस सापडला! मडकं उपडं आहे, बघा!"

आतला पेंढ्याचा आवाज थांबला. मग धुरातून गोणपाट आलं आणि त्याच्याखाली तांडेल. भुवया जळलेल्या, तोंड काळं. त्यांनी उपडं मडकं बघितलं, माझा दंड धरला आणि मलाच ओढत बाहेर काढलं. बाहेर आल्यावर खोकल्यातून त्यांनी एकच विचारलं, "कोन? कोन व्हता?"

मी त्यांचा हात उघडून त्यावर ती बी ठेवली.

"तुम्ही," मी म्हणालो.

ते माडाच्या आळ्यात, त्या चिखलात, तसेच खाली बसले. हातातल्या बीकडे बघत राहिले. पुढची आग आम्ही त्यांच्याशिवाय विझवली. गंगूबाई हळू आवाजात सांगत होती आणि सगळे तिचं ऐकत होते. माळा गेला, मागची आढी गेली, बाकीची वखार वाचली. तांडेलांनी एकदाही वर मान करून बघितलं नाही. बघायची गरजही पडली नाही.

शेठ बंदरावरून धावत आले तेव्हा नुसता धूर उरला होता. "पेट्या! पेट्या किती गेल्या?" ते विचारत होते.

"डोकी एकेचाळीस हायत, शेठ," तांडेल चिखलातून म्हणाले.

"बेचाळीस!" गंगूबाई त्यांच्यावर खेकसली.

शेठनी आमच्याकडे बघितलं, कोपऱ्यातल्या शेगडीकडे बघितलं, आणि पुन्हा काही विचारलं नाही.

सूर्य खाली गेल्यावर मी तांडेलांशेजारी पायरीवर बसलो. मला कबूल करायचं होतं. "तांडेल, ती बी मी टाकली होती. माझ्यामुळे तुम्ही आज..." 

ते समुद्राकडे बघत म्हणाले, "सोनू म्हनून एक खलाशी व्हता, माज्याच वाडीतला. आमची घरं पाठीला पाठ. मीच त्याला बोटीवर आनला. एकदा खाली, बोटीच्या पोटात, रुईच्या गठड्या धुमसल्या. सायबानं सांगितलं, सगळे वर घ्या, मोजा, मग झाकन बंद करू, म्हंजे ती आत गुदमरंल. मोजायचं काम माजं. सत्तावीस व्हायला पायजेत. मोजायला लागलो, तवा पयला आकडा माजाच घेतला. शेवटाला रांगेत जाऊन उभा ऱ्हायलो, तवा परत माजा घेतला. सत्तावीस भरले. मी वरडलो, पुरे हायत! झाकन बसलं."

मी पायरीवर त्यांच्याजवळ सरकलो.

"अर्ध्या तासानं कुनीतरी म्हनालं, सोनू कुठं हाय?" त्यांनी हातातली बी बोटांत फिरवली. "तवापासून मी मला मोजीत नाय, कारकून. माजं मोजून झालंय. एकदा जास्तच झालंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने, असं मी त्यांना सांगितलं असतं, पण त्यांनी विचारलंच नाही. इतकी वर्षं एक कप कमी येत होता आणि आम्ही हसत होतो, याची मला लाज वाटली. "चुकलं माझं," मी म्हणालो.

"बी टाकलीत त्यात चूक नाय," ते म्हणाले. "सांगून टाकायची व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ स्वतः स्टूल घेऊन आले आणि घंटेला लोलक लावून गेले. बोचकं बांधायचा विषय पुन्हा निघाला नाही. शेगडी तर मला परत कुठे दिसलीच नाही. बायका आल्या, हमाल आले. सगळ्यांच्या शेवटी तांडेल आले आणि मडक्याशी थांबले. रात्रभर ती बी त्यांनी कमरेलाच खोचून ठेवली असावी. ती काढून त्यांनी मला दाखवली, चांगली डोळ्यांसमोर धरून. "ही माजी. ध्यानात ठेवा," असं नेहमीच्या, म्हणजे मिऱ्याच्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं आणि मडक्यात टाकली.

दहा वाजता जळकी लाकडं बाहेर काढून आम्ही सहा जण ओटीवर बसलो. चहा सांगायला तांडेलच गेले. गंगूबाईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं.  थोड्या वेळाने हॉटेलवाला आला आणि त्याने कप मांडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहा.

सहावा कप तांडेलांनी दोन्ही हातांत धरला. आमचे कप रिकामे झाले, हॉटेलवाला ते गोळा करून निघाला, तरी ते तसेच धरून बसले होते. चहा गार झाला आहे, हे त्यांना सांगायचं कोणाच्या मनात आलं नाही.